समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील नाव : प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधण्याचा छंद

यवतमाळ जिल्ह्यापासून अरबी समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. आपल्या जिल्ह्यातील कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. असे असताना नावेची लहान प्रतिकृती बांधण्याच्या छंदाविषयी येथे लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. तथापि थोडा विचार केला असता लक्षात येते की, जुन्या काळी जहाजाला ज्या दोन वस्तू सर्वाधिक लागत, त्या दोन्ही आपल्या मातीतल्या आहेत. सांगाड्यासाठी सागवान आणि शिडासाठी कापूस! शिवाय जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, पूर्वेकडून वर्धा वाहते आणि वणी तालुक्याच्या टोकाला या दोन्ही नद्या एकमेकींना भेटतात. पुसद, दिग्रस, बाभुळगाव या परिसरांत पूस, अरुणावती आणि बेंबळा या धरणांचे विस्तीर्ण जलाशय आहेत. समुद्र नसला तरी पाणी आहे, आणि पाणी आहे तेथे नाव आहे.

सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या हाताला काय काम द्यावे, असा प्रश्न अनेक पालक आम्हाला विचारतात. त्यांच्यासाठी आणि निवृत्तीनंतर हातांना विरंगुळा शोधणाऱ्या ज्येष्ठांसाठी या छंदाची ओळख करून देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत. या छंदात करमणूक आहेच. परंतु नदीकाठच्या माणसाचा जीव वाचवू शकेल असे एक ज्ञानही त्यातून हाती येते. त्याविषयी लेखाच्या उत्तरार्धात सविस्तर सांगू.

प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे

बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची होडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांत मोठा फरक आहे. खेळण्यातली होडी केवळ होडीसारखी दिसते. प्रतिकृतीचे मात्र प्रत्येक माप मूळ नावेच्या मापाशी एका ठरलेल्या प्रमाणात बांधलेले असते. प्रमाण १:२० आहे असे म्हटले की मूळ नावेवरील २० सेंटीमीटर प्रतिकृतीत १ सेंटीमीटर होतात. लांबी या प्रमाणात आणि रुंदी डोळ्यांना बरी दिसेल तेवढी, असे येथे चालत नाही.

ही विद्या फार जुनी आहे. गुजरातमधील लोथल येथे सिंधू संस्कृतीच्या काळातील मातीच्या लहान नावा उत्खननात सापडल्या आहेत. इजिप्तमध्ये तुतानखामेनच्या थडग्यात लाकडी नावांच्या पस्तीस प्रतिकृती मिळाल्या. सतराव्या आणि अठराव्या शतकात इंग्लंडच्या नौदलासाठी युद्धनौकांच्या अतिशय बारीक प्रतिकृती तयार होत. त्यांचे प्रमाण बहुधा १:४८, म्हणजे पाव इंचाला एक फूट, असे असे. लंडनमधील ग्रिनिच येथील संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. युरोपातील समुद्रकाठच्या चर्चमध्ये वादळातून वाचलेल्या खलाशांनी कृतज्ञतेने अर्पण केलेल्या जहाजांच्या प्रतिकृती छताला टांगलेल्या असतात. फ्रान्समधील मार्सेय शहरातील नोत्र दाम द ला गार्द हे मंदिर त्यासाठी प्रसिद्ध आहे. चर्चमध्ये भाविक बसतात त्या मध्यभागाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. हा शब्दही ‘नाव्हिस’ या जहाज अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, असे मानले जाते.

सागवानाची थोरवी

लाकडी जहाजाची गोष्ट सांगताना मुंबईचा उल्लेख अपरिहार्य आहे. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे तेथील गोदीत जहाजे बांधली. त्यांची बहुतेक जहाजे सागवानाची होती. सागात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे पाणी आणि कीड यांना ते दीर्घकाळ दाद देत नाही. त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही ओकच्या लाकडातल्याप्रमाणे लवकर गंजत नाहीत.

याच गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या युद्धनौकेचे जलावतरण १२ ऑक्टोबर १८१७ रोजी झाले. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून पाठविण्यात आले होते. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन युद्धनौकेशी झालेल्या लढाईत ‘जावा’ नष्ट झाले आणि त्याबरोबर ते नकाशेही गेले. मग नकाशांची दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईला थांबावे लागले. एवढ्या विलंबाने जन्मलेली ही नौका दोनशे वर्षे उलटून गेल्यावरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. तिचा साग मलबारचा होता, आपल्या वनांतला नव्हे. परंतु जात तीच, आणि गुणही तेच.

या उदाहरणातून छंद करणाऱ्याने एक धडा घ्यावा. नकाशा हाती नसेल तर कुशल कारागिरालाही हात बांधून बसावे लागते. प्रतिकृतीचे काम करवतीने सुरू होत नाही, ते टेपने आणि पेन्सिलीने सुरू होते.

कोणती नाव निवडावी?

नवशिक्या माणसाला तीन डोलकाठ्यांचे भव्य जहाज खुणावते. आमचा सल्ला असा की, पहिली प्रतिकृती आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या नावेची करावी. आपल्या जिल्ह्यातील जलाशयांवर मासेमारी करणारे भोई व धीवर बांधव ज्या नावा वापरतात, त्यांपैकी एखादी लाकडी नाव निवडावी. लाकडाची जागा आता पत्रा आणि फायबर घेत आहेत, गावोगावी पूल झाले आहेत. तेव्हा जुनी लाकडी नाव दिसली तर तिची मापे घेऊन ठेवणे हेही एक मोलाचे काम आहे. ती नाव उद्या सरपणात गेली तरी तिचा आकार आपल्या वहीत आणि फडताळात जिवंत राहील.

नावेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि ती काठावर ओढलेली असतानाच मापे घ्यावीत. एकूण लांबी, पाच ठिकाणची रुंदी, त्याच पाच ठिकाणची खोली, फळीची जाडी, पुढच्या टोकाची उंची आणि आडव्या फळ्यांची जागा एवढी मापे पुरेशी आहेत. समोरून, बाजूने आणि मागून छायाचित्रे घ्यावीत. मालकाला दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: ही नाव किती माणसांची आहे, आणि भरल्यावर पाणी कोठपर्यंत चढते? या उत्तरांचा पुढे फार उपयोग होतो.

उदाहरणादाखल नाव ५ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल आहे असे मानू. १:२० या प्रमाणात ती २५ सें.मी. लांब, ६ सें.मी. रुंद आणि अडीच सें.मी. खोल होईल. मूळ फळी ४ सें.मी. जाड असेल तर प्रतिकृतीची फळी २ मि.मी. जाडीची हवी. ही मापे आलेखाच्या कागदावर काढावीत: एक चित्र वरून, एक बाजूने आणि पाच आडवे छेद.

साहित्य आणि बांधणी

यासाठी जंगलातील एकही फांदी तोडण्याची गरज नाही आणि तोडूही नये. सागवानाची तोड व वाहतूक यांवर कायद्याची बंधने आहेत, ती योग्यच आहेत. सुताराच्या दुकानात रंध्याखाली आणि करवतीखाली उरलेले तुकडे, मोडक्या खिडकीची चौकट, जुन्या पाळण्याचा दांडा, एवढ्यात एक काय, चार नावा होतात. सुतारदादांना विनंती केली तर ते यंत्रावर २ मि.मी.च्या पट्ट्या काढूनही देतात.

अवजारे घरगुती चालतात. बारीक दातांची करवत, लहान पटाशी, कानस, गुण्या, पॉलिशपेपर आणि कपडे वाळत घालण्याचे डझनभर चिमटे असले म्हणजे झाले. चिकटविण्यासाठी पाण्यात टिकणाराच लाकडाचा गोंद घ्यावा. साधा पांढरा गोंद पाण्यात विरघळतो आणि पहिल्याच चाचणीत फळ्या सुटतात.

आता प्रत्यक्ष बांधणी. कागदावरील पाच छेद जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापावेत. सपाट फळीवर ते ठरलेल्या अंतरावर उलटे उभे करावेत. हा झाला साचा. त्यावर आधी तळाची पट्टी ठेवावी, मग दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकेक करून चढवाव्यात. एक पट्टी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे लावावी. एकच बाजू पूर्ण केली तर ओढ बसून नाव वाकडी होते. टोकांकडे वळविण्याच्या पट्ट्या अर्धा तास गरम पाण्यात भिजवाव्यात, हळूहळू वाकवाव्यात आणि चिमट्यांनी धरून रात्रभर वाळू द्याव्यात. भिजलेल्या पट्टीला घाईने गोंद लावू नये.

गोंद पक्का झाल्यावर साचा काढावा आणि आतून बरगड्या बसवाव्यात. फटी राहिल्या तर त्यांत कापसाचे तंतू ठासून वरून गोंद भरावा. खऱ्या लाकडी नावांच्या फटीही पूर्वापार कापूस आणि तेल-राळ वापरूनच बुजवीत आले आहेत. कापूस आपल्याकडे विकत आणावा लागत नाही! शेवटी पॉलिशपेपरने अंग गुळगुळीत करून जवसाच्या पक्क्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. तेलाचे फडके मात्र चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून मोकळ्या हवेत वाळवावे. सागाचा भुसा नाका-तोंडात जाणार नाही म्हणून घासताना तोंडाला रुमाल बांधावा. लहान मुलांच्या हाती पटाशी देताना मोठ्यांनी शेजारी बसावे.

वजनाचे गणित

येथवर काम सुबक झाले म्हणजे बहुतेक जण नाव कपाटात ठेवतात. खरा आनंद मात्र यापुढेच आहे.

लांबी २० पट लहान झाली म्हणजे वजन किती पट कमी व्हावे? पुष्कळ जण २० पट असे उत्तर देतात. परंतु नावेची लांबी, रुंदी आणि खोली ही तिन्ही मापे २० पट लहान झालेली असतात. म्हणून वजन २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८००० पट कमी व्हावयास हवे. मूळ नाव २५० किलोची असेल तर आपली प्रतिकृती सुमारे ३१ ग्रॅमची हवी.

आम्ही पहिली नाव बांधली तेव्हा हे वजन पाहण्याचे आम्हाला सुचलेच नाही. जाड पट्ट्या आणि सढळ हाताने लावलेला गोंद यांमुळे ती ७० ग्रॅमची भरली. याचा अर्थ, खऱ्या नावेच्या हिशेबाने ती साडेपाच क्विंटलहून जड झाली! दिसायला ती देखणी होती, पण पाण्यात ठेवल्यावर तिने खरे काहीच सांगितले नाही. दुसऱ्या वेळी आम्ही पट्ट्या तासल्या, गोंद पुसला आणि प्रत्येक टप्प्यावर वजन केले.

हेच गणित मोठमोठे अभियंतेही वापरतात. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे पाण्याचा लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि लहान नावेवरून मोठ्या जहाजाचे वर्तन कसे ओळखावे याचे नियम घालून दिले. त्या नियमानुसार आपली १:२० ची नाव मूळ नावेपेक्षा सुमारे साडेचार पट वेगाने डुलते. प्रतिकृती पाण्यात उतावळी दिसते, त्याचे कारण हेच.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील जहाजाचे एक चित्र आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदलाने गोव्यात दोरीने शिवलेले जहाज बांधून घेतले. अशा जहाजाचा एकही नकाशा उपलब्ध नव्हता. म्हणून मद्रास येथील आयआयटीच्या सहकार्याने आधी प्रतिकृतीच्या पाण्यातील चाचण्या करण्यात आल्या. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली फळ्या काथ्याने शिवल्या गेल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने हे जहाज नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये ओमानमधील मस्कतला सुखरूप पोहोचले. भिंतीवरील चित्र आणि खवळलेला समुद्र यांच्यामधली एक पायरी लहानशा प्रतिकृतीची होती.

एक रुपयाची दोन नाणी

आता आपल्या घरातील चाचणी. एक घंगाळ पाण्याने भरावे. प्रवासी म्हणून काय वापरावे? ६० किलोच्या माणसाला ८००० ने भागले की साडेसात ग्रॅम येतात. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्याचे वजन ३.७९ ग्रॅम आहे. म्हणून अशी दोन नाणी म्हणजे आपल्या नावेतला एक प्रौढ माणूस!

प्रथम दहा माणसे, म्हणजे वीस नाणी, दीड सेंटीमीटर उंचीच्या थर्मोकोलच्या तुकड्यांवर नावेत समान पसरून ठेवावीत. ही झाली तळाशी बसलेली माणसे. आमच्या मापांची नाव अशा वेळी सुमारे एक सेंटीमीटर बुडते आणि दीड सेंटीमीटर काठ वर राहतो. बोटाने हलके ढकलले तर ती डुलते आणि पुन्हा सरळ होते.

आता माणसे तीच, नाणी तीच. फक्त ती उभी करावयाची. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य पायांपासून सुमारे नव्वद सेंटीमीटरवर, बेंबीच्या आसपास असतो; आपल्या प्रमाणात तो साडेचार सेंटीमीटर होतो. आगकाड्यांच्या पायांवर पुठ्ठ्याची फळी तेवढ्या उंचीवर बसवावी आणि त्यावर तीच वीस नाणी ठेवावीत. आमच्या घंगाळात नाव बोटाच्या एका स्पर्शासरशी कलंडली आणि सारी नाणी तळाशी गेली. भोवती जमलेली मुले क्षणभर गप्प झाली होती.

असे का होते? नाव एका बाजूला कलली की त्या बाजूचा भाग पाण्यात अधिक बुडतो आणि पाणी तेथून तिला वर ढकलून सरळ करू पाहते. वजनाचा मध्य खाली असेल तर पाण्याचा हा प्रयत्न यशस्वी होतो. मध्य फार वर गेला की कललेले वजन पाण्याच्या आधाराच्याही पलीकडे झुकते आणि नाव स्वतःच्याच भाराने उलटते. नाव तीच, वजनही तेच. केवळ माणसे बसलेली आहेत की उभी, एवढाच फरक.

तिसरी चाचणी गर्दीची. माणसे दहाऐवजी वीस करावीत, परंतु सर्व बसलेली. काठ आता पाण्यावर जेमतेम आठ मिलिमीटर उरतो. खऱ्या नावेत तो १६ सेंटीमीटर, म्हणजे एक वीतही नव्हे. नाव पंधराएक अंश कलली तरी काठावरून पाणी आत येते. आत आलेले पाणी खालच्या बाजूला धावते, त्यामुळे नाव आणखी कलते आणि आणखी पाणी येते. हे सर्व घंगाळात दोन-तीन सेकंदांत घडते. नदीतही फार वेळ मिळत नाही.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचे प्राण गेले. दशक्रिया विधीच्या निमित्ताने एकत्र आलेले ते नातलग होते. हीच वर्धा नदी पुढे आपल्या जिल्ह्याच्या काठाने वाहते. कोणाचा दोष काढण्यासाठी आम्ही ही आठवण काढीत नाही. नावेत किती जणांनी बसावे, मध्येच का उभे राहू नये, छायाचित्र काढण्यासाठी सर्वांनी एका बाजूला का जाऊ नये, हे सांगणाऱ्या पाट्या पुष्कळ आहेत. परंतु ज्या मुलाने स्वतः बांधलेली नाव आपल्या बोटाने उलटताना पाहिली, त्याला पाटीची गरज उरत नाही. तो मोठेपणी नावेत पाय ठेवताना आधी काठाकडे पाहील, आणि बसेल.

पुढील पायरी

पहिली नाव जमली म्हणजे हात बसतो आणि मन मोठ्या कामाकडे वळते. मग शिवकालीन आरमारातील गलबत किंवा गुराब, मालवणकडची उलांडीची होडी असे कितीतरी विषय आहेत. १९८६ साली दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले असता तेथील गाळात पहिल्या शतकातील एक मासेमारीची नाव सापडली. ती ८.२७ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद आहे. १:२० प्रमाणात ती ४१ सें.मी. लांब आणि साडेअकरा सें.मी. रुंद होईल. शुभवर्तमानात वाचलेली नाव नेमकी केवढी असेल, हा प्रश्न ज्या मुलांना पडतो, त्यांच्या हाती हे उत्तर देता येईल. विशेष म्हणजे ती नाव डझनभर जातींच्या लाकडांचे तुकडे जोडून बांधलेली आणि वारंवार डागडुजी केलेली आहे. तिचा मालक गरीब कोळी असावा, असे अभ्यासक म्हणतात. सुताराच्या दुकानातले तुकडे वेचणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट धीर देणारी आहे.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनासाठीही हा प्रयोग उत्तम आहे. खर्च अल्प, साहित्य गावातच, आणि गणित, विज्ञान, इतिहास व हस्तकला हे चारही विषय एका घंगाळात मावतात. शिक्षकांनी एखाद्या वयोवृद्ध नावाड्याला सन्मानाने वर्गात बोलवावे. पाण्याविषयी तो जे सांगेल ते पुस्तकात सापडणार नाही.

पालकांना शेवटी एकच विनंती. चाचणी नेहमी घंगाळात किंवा टाक्यातच घ्यावी, तीही मोठ्यांच्या समक्ष. हौसेपोटी मुलांनी आपली नाव घेऊन धरणाच्या किंवा नदीच्या काठावर एकट्याने जाऊ नये. चाचणी झाली की पाणी झाडांना घालावे, नाणी पुसून डब्यात ठेवावीत आणि नाव सावलीत वाळू द्यावी. पुढच्या रविवारी शेजारची मुले ती पाहायला येतीलच. तेव्हा तीच वीस नाणी पुन्हा बाहेर काढावीत.